वाचलेलं आणि ताडलेलं : कॅलिफोर्निया लाव्याच्या जीनोमचं रसग्रहण

२०२३ साली 'जर्नल ऑफ हेरेडिटी' या नियतकालिकात कॅलिफोर्निया लाव्याच्या जीनोमची, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनए-मजकुराची, जुळणी प्रसिद्ध झाली. फ्रेड बेनहॅम, कार्ला सिसेरो, मर्ली एस्कलोना, राउरी बोवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम. लेख आटोपशीर आहे, आणि त्याचा गोषवारा तर चार-पाच आकड्यांतच सगळं सांगून मोकळा होतो. एकूण लांबी १०८ कोटी अक्षरं. तुकडे ३२१. कॉन्टिग एन-५० : ५५ लाख. स्कॅफोल्ड एन-५० : १ कोटी ९४ लाख. अपेक्षित जनुकांपैकी ९६.५ टक्के पूर्ण सापडलेली. या विद्येशी ओळख नसलेल्याला हे रुक्ष वाटेल. मला मात्र या आकड्यांतून एका उत्तम कृतीचा घाट दिसतो, आणि तो दाखवावा म्हणून हे रसग्रहण.

माझ्या मते या कृतीचा प्राण दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे : ५५ लाख आणि १ कोटी ९४ लाख. पहिला आकडा सलग वाचलेल्या मजकुराचा. दुसरा आकडा असे तुकडे एकापुढे एक लावून ताडलेल्या क्रमाचा. आपल्या न्यायशास्त्राने प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन स्वतंत्र प्रमाणं मानली. या जुळणीत दोन्ही वापरली आहेत, दोन्हींचं मोजमाप वेगळं दिलं आहे, आणि एकाचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर कुठेही टाकलेलं नाही. सलगतेचं कौतुक आहेच. पण जोड कुठे दिलाय हे वाचणाऱ्याला कळावं, यासाठी घेतलेली काळजी मला त्याहून मोलाची वाटते.

आधी पक्ष्याविषयी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या झुडुपी टेकड्या आणि ओकची विरळ रानं हे कॅलिफोर्निया लाव्याचं घर. दक्षिणेला मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पापर्यंत त्याचा मूळ मुलूख पसरला आहे. डोक्यावरचा पुढे झुकलेला काळा तुरा दुरून एकाच पिसाचा वाटतो, पण जवळून पाहिलं तर एकमेकांवर बसलेली सहाएक पिसं दिसतात. विणीचा हंगाम सोडला तर हे पक्षी थव्याने राहतात, पायी चरतात, आणि पांगले की तीन स्वरांची, मधल्या स्वरावर जोर देणारी हाक घालून पुन्हा एकत्र येतात. १७८६ साली ला पेरूझ यांची फ्रेंच मोहीम माँटेरेला थांबली, तेव्हा या पक्ष्याच्या नर-मादीचं चित्र काढलं गेलं. १७९८ मध्ये जॉर्ज शॉ यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, आणि १९३१ पासून तो कॅलिफोर्नियाचा राज्यपक्षी आहे. आपल्या माळांवरचे आणि शेतांतले लावे मात्र त्याचे सख्खे नव्हेत. आपले लावे कोंबडी आणि मोर यांच्या कुळातले. अमेरिकेतल्या लाव्यांचं कूळ निराळं, ओडोंटोफोरिडी. दोन्ही शाखा काही कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. जमिनीवर चरत आणि गवतात दडत जगण्यामुळे त्यांचं रूप सारखं दिसतं, इतकंच.

ही जुळणी बर्कलीच्या 'म्युझियम ऑफ व्हर्टिब्रेट झूऑलॉजी'तल्या पक्षीतज्ज्ञांच्या हातून झाली, याला अर्थ आहे. ॲनी अलेक्झांडर यांच्या औदार्यातून १९०८ साली हे संग्रहालय उभं राहिलं. पहिले संचालक जोसेफ ग्रिनेल. प्रत्येक नमुन्यासोबत जागा, तारीख आणि अधिवास यांची तपशीलवार नोंद असलीच पाहिजे, हा त्यांचा दंडक. या संग्रहाची खरी किंमत कदाचित शंभर वर्षांनी कळेल, असं त्यांनी १९१० सालीच लिहून ठेवलं होतं. जीनोमची जुळणी हा त्याच परंपरेतला आजच्या काळाचा नमुना आहे. कातडं भरून ठेवावं, तशीच काळजीपूर्वक ही अक्षरं ठेवलेली आहेत, पुढच्या अभ्यासकाने ताडून पाहावं म्हणून. त्याला राज्याचंही पाठबळ आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ब्रॅड शॅफर यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या 'कॅलिफोर्निया कॉन्झर्व्हेशन जीनोमिक्स प्रोजेक्ट'ला राज्याने एक कोटी डॉलर दिले. राज्यातल्या शेकड्याहून अधिक वनस्पती-प्राण्यांचे संदर्भ जीनोम तयार करायचे आणि मग राज्यभरातून त्या त्या जातीच्या अनेक जीवांचे जीनोम वाचून त्या संदर्भाशी ताडून पाहायचे, अशी त्याची आखणी. लाव्याची जुळणी या मालिकेतली.

आता वाचन कसं होतं ते जवळून पाहू. सगळ्यांत आधी डीएनए लांब रेणूंच्या रूपात शाबूत हवा. पक्ष्यांच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असतं, त्यामुळे थोड्याशा रक्तातही भरपूर डीएनए मिळतो. पण नमुना हाती येताच अतिथंड करून ठेवावा लागतो. उशीर झाला की रेणू तुटू लागतात, आणि तुटलेल्या रेणूतून लांब वाचन कोणतंच यंत्र काढू शकत नाही. संगणकावर दिसणाऱ्या सलगतेचा पाया रानातल्या त्या पहिल्या काही मिनिटांत घातला जातो.

पुढचं काम पॅकबायो कंपनीच्या हायफाय पद्धतीने झालं. तिच्यात डीएनएचे साधारण पंधरा-वीस हजार अक्षरांचे तुकडे घेतात आणि दोन्ही टोकांना वळणं जोडून त्यांची बंद साखळी करतात. एका अतिसूक्ष्म खळग्याच्या तळाशी पॉलिमरेज हे विकर बसवलेलं असतं. ते त्या साखळीवरून पुन्हा पुन्हा फिरत नवा धागा तयार करत राहतं, आणि प्रत्येक अक्षर बसताना उमटणारी रंगीत चमक यंत्र टिपतं. एकेका फेरीत चुका बऱ्याच होतात, पण त्या कुठेही विखुरलेल्या असतात. त्याच तुकड्याच्या अनेक फेऱ्या एकमेकींशी ताडल्या की बहुतेक चुका गळून पडतात, आणि हजार अक्षरांत फार तर एखादी उरते. लांबी आणि अचूकता या दोन गोष्टी पूर्वी एकत्र मिळत नसत. लांब वाचन चुकांनी भरलेलं असे आणि अचूक वाचन तोकडं. इथे दोन्ही एका ठिकाणी आल्या, आणि त्या कुठून आल्या? एकाच मजकुराचं चिकाटीने पुनर्वाचन करण्यातून.

लांबीचा एवढा आग्रह कशासाठी, हे कळलं की या कृतीचा निम्मा रस हाती लागतो. पक्ष्यांचा जीनोम तसा सुटसुटीत. माणसाचा तीनशे कोटी अक्षरांच्या घरात, तर या लाव्याचा शंभर कोटींच्या थोडा वर. तरीही त्यात स्वतःच्या प्रती काढून भलत्याच ठिकाणी जाऊन बसणारे घटक आहेत. पक्ष्यांमध्ये त्यातला मुख्य सीआर-१. त्याची पूर्ण प्रत साधारण साडेचार हजार अक्षरांची असते. पूर्वीच्या यंत्रांचं एक वाचन शे-दीडशे अक्षरांचं असे. अशा पुनरावृत्तीच्या मधोमध पडलेली दीडशे अक्षरं नेमकी कुठल्या प्रतीतली, हे ठरवायला काही आधारच नसतो. मग संगणक तिथे तुकडा तोडतो, किंवा अनेक प्रती एकमेकींवर चढवून त्यांची एकच करून टाकतो. पंधरा हजार अक्षरांचं वाचन मात्र अलीकडचा वेगळा मजकूर, मधली पुनरावृत्ती आणि पलीकडचा वेगळा मजकूर एका दमात सांगतं. त्यामुळे ही प्रत इथलीच, अशी साक्ष मिळते.

ही गोष्ट ध्यानात ठेवून लेखातला एक आकडा पुन्हा वाचावा. या जीनोमचा १६.५ टक्के भाग अशा फिरत्या घटकांचा आहे, आणि याच कुळातल्या लाव्यांच्या आधीच्या जुळण्यांत आढळलेल्या प्रमाणापेक्षा तो जास्त आहे. घाईने वाचणारा म्हणेल, कॅलिफोर्निया लाव्यात हे घटक जास्त माजले असावेत. पण लेखक लगेच शेजारी दुसरी तुलना ठेवतात : कोंबडी आणि पेकिन बदक यांच्या लांब वाचनांवर उभ्या राहिलेल्या अलीकडच्या जुळण्यांत प्रमाण साधारण एवढंच निघतं. म्हणजे वाढलं ते बहुतांशी आपल्या नजरेचं बळ. जुन्या जुळण्यांनी जे गिळून टाकलं होतं, ते आता पानावर आलं. योग्य शेजारी निवडून एका आकड्याचा अर्थ सावरणं, हे मला चांगल्या लेखकाचं लक्षण वाटतं.

पक्षी रानातला असल्यामुळे काम आणखी नाजूक होतं. पिढ्यानपिढ्या नात्यातल्या नात्यात वाढवलेल्या पाळीव वाणात आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली प्रत जवळजवळ सारखी असते. रानातल्या पक्ष्यात त्या जागोजागी वेगळ्या असतात. या वेगळेपणातून दोन तऱ्हेच्या चुका संभवतात. एकाच जागेची दोन रूपं दोन वेगळ्या जागा म्हणून मोजली जातात आणि जीनोम खोटाच फुगतो. किंवा जुळणी आईच्या प्रतीवरून बापाच्या प्रतीवर आणि पुन्हा मागे अशा उड्या मारत जाते, आणि कुठल्याच पक्ष्याच्या पेशीत कधी नव्हतं असं गुणसूत्र कागदावर तयार होतं. हायफायची वाचनं अचूक असल्यामुळे दोन प्रतींमधला बारीकसा फरकही चूक म्हणून झटकावा लागत नाही. तो खुणेसारखा वापरून दोन्ही प्रती वेगळ्या ठेवता येतात.

इतकं करून जे सलग तुकडे मिळतात ते कॉन्टिग. ते लांबीनुसार उतरत्या क्रमाने मांडायचे आणि मोठ्यापासून मोजत जायचं. निम्मा जीनोम ज्या तुकड्यापाशी भरतो त्याची लांबी म्हणजे एन-५०. इथे ती ५५ लाख अक्षरं आहे. निम्म्याहून अधिक जीनोम, त्यात एकही रिकामी जागा न सोडता, किमान ५५ लाख अक्षरांच्या तुकड्यांत वाचला गेला. वाचलेलं इथे संपतं आणि ताडणं सुरू होतं.

ताडण्याचा पुरावा निराळ्याच प्रयोगातून येतो. पेशीच्या केंद्रकात डीएनए घड्या घालून बसलेला असतो. फॉर्मल्डिहाइडने तो आहे त्या स्थितीत जखडून टाकतात, विकराने तोडतात, आणि जी टोकं एकमेकांजवळ सापडतील ती जोडतात. मग अशा जोड्या वाचून काढतात. ऑम्नी-सी ही याच पद्धतीची एक रीत. तिचं विकर ठरावीक अक्षरक्रम शोधत बसत नाही, त्यामुळे जीनोमचा कुठलाही भाग सहसा वगळला जात नाही. तर्क साधा आहे : जे दोन भाग एकाच गुणसूत्रावर आणि जवळजवळ असतात, ते केंद्रकातही वारंवार एकमेकांना भेटतात. अंतर वाढेल तशा भेटी कमी होतात. लाखो भेटींची ही मोजदाद हाती आली की कुठला कॉन्टिग कुणाच्या शेजारी, आणि सुलटा की उलटा, हे ताडता येतं.

या भेटींचा नकाशा एकदा तरी मन लावून पाहण्यासारखा असतो. आडव्या आणि उभ्या, दोन्ही अक्षांवर तोच जीनोम मांडलेला. भेटी जितक्या जास्त तितका ठिपका गडद. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणारा कर्ण सगळ्यांत काळा, कारण प्रत्येक भाग स्वतःच्या शेजाऱ्यांनाच सर्वांत जास्त भेटतो. कर्णावर एकामागून एक चौकोन उभे राहतात, साधारण प्रत्येक गुणसूत्राचा एकेक. आधी मोठे, मग लहान होत जाणारे, आणि अखेरीस इवल्या चौकोनांची रांग. एखादा तुकडा भलत्या जागी बसला असेल तर तिथे कर्ण अचानक फिका पडतो आणि दूर कुठेतरी एकटा काळा डाग उमटतो, त्या तुकड्याचा खरा पत्ता सांगणारा. तुकडा उलटा लागला असेल तर त्याच्या कडेला काळेपणा कर्णाच्या विरुद्ध दिशेने तिरपा धावताना दिसतो. संगणक पहिली मांडणी करून देतो. त्यानंतर माणूस नकाशासमोर बसतो, डाग शोधतो, तुकडा उचलून योग्य जागी ठेवतो, आणि कर्ण पुन्हा अखंड झाला का ते पाहतो. हे काम डोळ्यांचं आणि सबुरीचं आहे. पुरावा नसताना जोड देण्याचा मोह तिथे क्षणोक्षणी होत असणार, आणि तो आवरण्यातच कौशल्य आहे.

अशा जोडांनंतर जे लांब तुकडे होतात ते स्कॅफोल्ड. त्यांचा एन-५० १ कोटी ९४ लाख, म्हणजे वाचलेल्याच्या साडेतीनपट. पण स्कॅफोल्ड उघडून त्यातली अक्षरं प्रत्यक्ष पाहिली, तर ए, सी, जी, टी या चार अक्षरांच्या ओघात मध्येच 'एन' या अक्षराची ओळ लागते. इथे दोन कॉन्टिग शेजारी आहेत हे कळलं, मधलं काय ते वाचता आलं नाही, असा त्याचा अर्थ. मधल्या जागेची खरी लांबी माहीत नसेल तर 'एन'ची संख्याही ठरावीक ठेवायची, म्हणजे ही लांबी मोजलेली नाही हे जाणकाराला कळतं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत अशीच एक खूण आहे. विष्णु सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो पाठ स्वीकारला पण ज्याची पुरेशी खात्री वाटली नाही, त्याखाली नागमोडी रेघ दिली. ती रेघ आवृत्तीचं बळ आहे, कारण रेघ नसलेल्या ओळींवर आपण निर्धास्तपणे विसंबू शकतो. जीनोममधला 'एन' तेच काम करतो.

या कृतीची उंची कळायची तर तिच्या आधीची पायरी पाहायला हवी. याच कुळातल्या नॉर्दर्न बॉबव्हाइट या लाव्याचा पहिला जीनोम २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी निवडलेली टेक्ससमधली रानातली मादी 'पॅटी मेरी' या नावाने ओळखली जाते. त्या जुळणीचा स्कॅफोल्ड एन-५० होता ४५ हजार ४०० अक्षरं. कॅलिफोर्निया लाव्याचा त्याच्या चारशेपटींहून जास्त. पंचेचाळीस हजार अक्षरांत एखाद-दुसरं जनुक मावतं. त्याचा शेजारी कोण, हे बहुधा दुसऱ्याच तुकड्यात गेलेलं असतं. तरीही त्या कामाचा मान कमी होत नाही. आखूड वाचनांच्या काळात, मर्यादित साधनांनी, एका पक्ष्याच्या दोन प्रतींमधल्या फरकांवरून त्या मंडळींनी त्याच्या पूर्वजांच्या संख्येचा इतिहास मांडला, आणि ती संख्या प्लाइस्टोसीन या हिमयुगांच्या कालखंडाच्या उत्तरकाळापासून झपाट्याने घटत आल्याची चिन्हं दाखवली. तुटक मजकुरातूनही एवढं वाचता आलं. सलग मजकुरातून काय काय वाचता येईल, याची आशा तिथेच रुजली.

आता पूर्णतेचा आकडा : ९६.५ टक्के. तो बुस्को या कसोटीचा आहे. पक्ष्यांमध्ये जी जनुकं एकेका प्रतीत सर्वत्र असायलाच हवीत, अशांची हजारोंची यादी घेऊन ती जुळणीत शोधायची, ही त्याची रीत. उरलेली साडेतीन टक्के अर्धवट मिळाली किंवा मिळाली नाहीत. इथे चोखंदळ वाचकाने थांबावं. सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं पक्ष्यांच्या बाबतीत पूर्वी अनेकदा मानलं गेलं आणि ते अंगाशी आलं. लेप्टिन हे भूक आणि चरबी यांच्याशी निगडित संप्रेरक. त्याचं जनुक कोंबडीत हरवलंच आहे, असं बराच काळ समजलं जाई. २०१६ साली ते सापडलं. ज्या भागात जी आणि सी ही अक्षरं दाटीने असतात तिथे ते होतं, आणि जुनी यंत्रं नेमक्या अशाच भागात अडखळत. पक्ष्यांची चिमुकली गुणसूत्रं, म्हणजे नकाशाच्या टोकाची ती इवल्या चौकोनांची रांग, अशाच दाटीची आणि जनुकांनी गच्च भरलेली असतात. ती क्षुल्लक मुळीच नाहीत. २०२१ साली पॉल वॉटर्स, जेनिफर ग्रेव्हज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ही सूक्ष्म गुणसूत्रं केंद्रकात एकमेकांच्या जवळ राहतात आणि त्यांची जुळणी थेट ॲम्फिऑक्सस या कणाहीन सागरी प्राण्याच्या गुणसूत्रांशी लागते. पृष्ठवंशी प्राण्यांच्या आदिकाळातली मांडणी त्यांच्यात टिकून आहे. वाचायला सर्वांत अवघड भागच सर्वांत पुरातन निघावा, हा या विषयातला एक मोठा आनंद आहे.

रसग्रहण म्हणजे स्तुतिपाठ नव्हे, म्हणून उणीवही सांगायला हवी. पक्ष्यांत साधारण चाळीस जोड्या गुणसूत्रं असतात, आणि इथे तुकडे ३२१ आहेत. कोंबडीचं पहिलं गुणसूत्र एकटंच वीस कोटी अक्षरांच्या घरात जातं. स्कॅफोल्डचा एन-५० १ कोटी ९४ लाख असेल, तर मोठी गुणसूत्रं अजून अनेक तुकड्यांत आहेत हे उघड आहे. टोकापासून टोकापर्यंत प्रत्येक गुणसूत्र वाचण्याचा टप्पा कोंबडीच्या बाबतीत २०२३ सालीच जवळपास गाठला गेला. त्या मानाने ही जुळणी एक पायरी खाली आहे. पण कोंबडीवर दोन दशकं जगभरातून पैसा आणि श्रम ओतले गेले. एका राज्यातल्या रानपक्ष्यासाठी, एका मालिकेतल्या अनेक जातींपैकी एक म्हणून, एवढी सलगता मिळणं हे कोंबडी आणि लावे यांच्या साऱ्या गणात वरच्या श्रेणीचं काम आहे.

आणि क्रमाला एवढं महत्त्व का द्यायचं? जनुकांची यादी हाती असली म्हणजे झालं ना? याचं उत्तर दुसऱ्याच एका लाव्याने दिलं आहे. युरोप आणि आशियात पसरलेला, हिवाळ्यात दख्खनच्या शेतांतही उतरणारा जो साधा लावा, त्याच्यावरचा एक अभ्यास २०२२ साली 'करंट बायॉलॉजी'त आला. आयबेरियाच्या दक्षिणेकडच्या काही लाव्यांत एका गुणसूत्राचा सुमारे साडेअकरा कोटी अक्षरांचा पट्टा उलटा बसलेला आढळला. जीनोमचा सुमारे बारा टक्के भाग, सात हजारांहून अधिक जनुकं त्यात. जनुकं तीच, क्रम उलटा. असे लावे वजनाला भारी, गळ्याशी गडद, पंखांनी अधिक गोलसर, आणि लांबचं स्थलांतर टाळणारे निघाले. उलटा आणि सुलटा पट्टा एकाच पक्ष्यात एकत्र आले तर त्यांच्यात अदलाबदल जवळपास होत नाही, त्यामुळे त्या पट्ट्यातली हजारो जनुकं एकगठ्ठा पुढच्या पिढीत जातात. तुकड्या-तुकड्यांच्या जीनोममध्ये हे दिसणं कर्मकठीण. शब्द तेच ठेवून वाक्य उलटं केलं की अर्थ बदलतो, हे भाषेत आपल्याला नवं नाही. जीनोममध्ये ते पाहायला मात्र सलग पानं लागतात.

कॅलिफोर्निया लाव्यापाशी तर विचारण्याजोगे प्रश्न रांगेत उभे आहेत. दक्षिण कॅलिफोर्नियात किनारी झुडुपं संपून वाळवंट सुरू होतं, तिथे तो गॅम्बेल लाव्याला भेटतो आणि दोघांचा संकर होतो. तरी दोन जाती दोनच राहतात. त्यांना वेगळं ठेवणारे भाग जीनोममध्ये कुठे आहेत? कॅटालिना बेटावर त्याची स्वतंत्र उपजाती आहे. बेटावर कोंडलेल्या थोड्या पक्ष्यांनी काय गमावलं आणि काय टिकवलं? सॅन फ्रान्सिस्कोने २००० साली त्याला आपला नगरपक्षी ठरवलं, पण शहरातली त्याची वस्ती घटतच गेली. अशा ठिकाणी पुन्हा पक्षी सोडायचे झाले तर कुठल्या टेकड्यांवरचे आणावेत?

यातला मला सर्वांत भुरळ घालणारा धागा बर्कलीचाच आहे. ए. स्टार्कर लिओपोल्ड आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली 'सायन्स'मध्ये दाखवलं, की कोरड्या वर्षी खुरटलेल्या रानवनस्पतींच्या पानांत संप्रेरकांसारखी द्रव्यं वाढतात. ती पानं खाल्ली की लाव्यांची वीण रोडावते. पाऊस चांगला झाला की वनस्पती फोफावतात, ही द्रव्यं जवळपास नसतात, आणि लावे भरभरून वाढतात. दुष्काळात तोंडं वाढू नयेत, याची सूचना जणू खाण्यातूनच मिळते. मग वाळवंटाच्या कडेला राहणारे लावे आणि ओल्या किनाऱ्यावरचे लावे या द्रव्यांना सारखाच प्रतिसाद देतात का? पाऊस बेभरवशाचा होत चाललेल्या राज्यात हा प्रश्न केवळ कुतूहलाचा उरलेला नाही. राज्यभरातले लावे या एका संदर्भाशी ताडूनच त्याचं उत्तर शोधता येईल.

म्हणून पुढे कुठल्याही जीवाचा 'दर्जेदार' जीनोम प्रसिद्ध झाल्याचं वाचलं, तर तीन गोष्टी पाहाव्यात. सलग वाचलेलं किती आणि ताडलेलं किती, हे वेगळं सांगितलंय का? प्रत्येक जोडामागचा पुरावा तपासायला खुला आहे का? आणि जे हाती लागलं नाही त्याची जागा खुणेने दाखवली आहे का? कॅलिफोर्निया लाव्याची ही जुळणी तिन्ही कसोट्यांना उतरते. तिची अक्षरं सार्वजनिक कोशात ठेवलेली आहेत, आणि पुण्यात बसलेला विद्यार्थीही ती विनामूल्य उतरवून घेऊन तिच्याशी वाद घालू शकतो. आणखी लांब वाचणारी यंत्रं येतील, ३२१ तुकड्यांचे चाळीस होतील, आणि ही आवृत्ती मागे पडेल. ती सुधारायला बसणाऱ्याला मात्र कुठून सुरुवात करायची हे शोधावं लागणार नाही, कारण आपली प्रत्येक कच्ची जागा तिने स्वतःच दाखवून ठेवली आहे. संदर्भ म्हणून मिरवण्याचा तिचा अधिकार मला त्यातच दिसतो.